दगडाबाईचं माप

दगडाबाईच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिचं नाव दगडा ठेवलं. दगडाकडं मरण फिरकत नाही, असा तिच्या आजीचा हिशेब होता. तो बरोबर निघाला आणि पोर जगली. मात्र दगडासारखं एका जागी पडून राहणं तिला कधी जमलं नाही. शिरूर कासारच्या अलीकडे माळावर धनगरांची वस्ती आहे. तिथं कोणालाही विचारा, दगडाबाईला निवांत बसलेलं पाहिलंय का? चहा उभ्यानं, भाकरी चालता चालता, आणि बोलणं बहुतेक पाठमोरं, कारण ऐकणाऱ्यानं मान वर करेपर्यंत बाई पुढं निघालेली असायची. तिचा नवरा म्हाळू म्हणे, "हिच्या आधी मेलेलं बरं. हिच्या तिरडीमागं पळावं लागंल."

दिवाळी झाली की म्हाळू मेंढरं घेऊन गोदाकाठी गंगथडीला उतरायचा. एकुलता मुलगा परमेश्वर कडा गावाकडं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर असायचा. मागं वस्तीवर दगडाबाई, तिच्या म्हशी आणि सून बबिता. पहाटे धार काढायची आणि कॅन घेऊन डेअरीवर जायचं, यात तिच्या लग्नापासून खंड नव्हता. डेअरीवरचा अंगद प्रत्येकाच्या दुधात काचेची नळी बुडवून पाणी किती ते बघायचा. मोठ्या बागायतदारांच्या कॅनमध्येसुद्धा बुडवायचा, आणि मग हुज्जत ठरलेली. दगडाबाईचा कॅन आला की मात्र तो झाकणही नीट उघडत नसे. "मामीचं दूध बघायचं काम न्हाई," म्हणायचा आणि थेट ओतून घ्यायचा. या एका गोष्टीचा दगडाबाईला फार ताठा होता. दुधात पाणी घालणाऱ्याच्या हातचं पाणी पिऊ नये, असं ती चारचौघांत बोलून दाखवायची, आणि ज्यांना लागायचं त्यांना बरोबर लागायचं.

बबिताला दिवस गेले तेव्हा दगडाबाईचा पाय आणखीच हलका झाला. पहिलं बाळंतपण माहेरी नेकनूरला करायचं असं रीतीनं ठरलं होतं. पण माहेरी न्यायच्या आधीच, सातव्या महिन्यात, बबिता अंगानं भरू लागली. पाय लोणच्याच्या बरणीसारखे गोल झाले, बांगड्या मनगटात रुतल्या, तोंड टवटवीत गुबगुबीत दिसू लागलं. वस्तीवरच्या बायका म्हणाल्या, सासूनं सुनेला चांगलं खाऊ घातलंय. दगडाबाईला ते खरं वाटलं. आशाताई दोनदा येऊन सांगून गेली की ही सूज बरी नव्हे, बीपी बघून घ्या, सोनोग्राफी करा. दगडाबाईनं तिच्याकडून लोहाच्या गोळ्या घेतल्या, सुनेला गूळ-शेंगदाणे दिले, पण सोनोग्राफीचं नाव काढलं की तिचा चेहरा बंद व्हायचा.

त्याला कारण होतं. बबिता सून होऊन यायच्या आधी दगडाबाईला एक लेक होती, सुकन्या. तिला दोन मुली झाल्या. तिसऱ्या वेळी सासरच्यांनी तिला गाडीत घालून कुठंतरी लांब नेलं. तिथं एका खोलीत पोटावर मशीन फिरवलं, मशीननं मुलगी सांगितली, आणि पुढचं काम त्याच खोलीत उरकलं. सुकन्या घरी आली ती रक्त वाहतच, आणि ते थांबलं तेव्हा सुकन्याही थांबली होती. ज्यांनी नेलं त्यांना दगडाबाईनं शाप दिले, जावयाचं तोंड पाहिलं नाही. पण मनात राग धरला तो मशीनचा. माणसं पळून जातात, लपतात, खोटं बोलतात. मशीन मात्र जिथं तिथं तसंच उभं असतं, पांढरं, स्वच्छ, जणू काही झालंच नाही.

एका सकाळी बबिताचं डोकं फुटायला लागलं. डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणाली, मग ओकली, मग सासूकडं बघून "तुमी दोन दिसताव" म्हणाली. म्हशी शेजारणीच्या हवाली केल्या, अँब्युलन्स आली. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा हाताला गुंडाळलेल्या पट्ट्याचा आकडा बघून डॉक्टरांचे चेहरे बदलले. बीपी इतकं चढलं होतं की झटके यायची भीती होती. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि लगेच ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी झाली. हाताच्या ओंजळीएवढी, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवायला नेलं आणि बबिताला एका वॉर्डात आणलं, जिथं सगळ्या खाटांवर अशाच सुजलेल्या, निपचित बायका होत्या.

दगडाबाईची खरी परीक्षा इथं सुरू झाली, कारण इथं काहीच करायचं नव्हतं. ती खाटेभोवती फिरायची, दारापर्यंत जायची, परत यायची, सुनेच्या पायावरचं पांघरूण उगीच नीट करायची. पेटीतल्या नातीला काचेतून बघून यायची, आणि तिथून निघाल्याबरोबर इकडं काही झालं असेल म्हणून धापा टाकत परत. वॉर्डातल्या सांगळे सिस्टर तिला म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला बघून माझंच डोकं गरगरतंय. बसा की." दगडाबाई बसली. सिस्टरनी पाठ फिरवताच उठली.

मग सांगळे सिस्टरनीच तिला काम दिलं. सिस्टर एक आणि खाटा सगळ्या भरलेल्या, त्यामुळे जवळच्या माणसाला हाताशी धरल्याशिवाय चालत नसे. बबिताला लघवीची नळी लावलेली होती आणि खाटेला पिशवी लटकत होती. दर तासाला पिशवीची चावी सोडून लघवी मापाच्या प्लास्टिकच्या भांड्यात घ्यायची, सिस्टरला दाखवायची आणि ओतून द्यायची. सिस्टर आकडा लिहून घेणार. भांड्यावर रेषा होत्या. दगडाबाईला मापाचं नवल नव्हतं. भांडं डोळ्यासमोर कसं धरायचं हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

दुपारी विहीणबाई आल्या. नेकनूरच्या छबुबाई शब्दाच्या कडक आणि लेकीच्या काळजीनं आणखी कडक झालेल्या. खाटेवरची लेक त्यांनी पाहिली, तिच्या पायावर बोट दाबलं, बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. मग त्या दगडाबाईकडं वळल्या.

"म्हशीच्या पायाला सूज आली तर तुमी रातोरात डाक्टर आणताव. माझ्या लेकीची सूज दिसली न्हाई व्हय?"

दगडाबाईनं सुनेच्या पायावर पांघरूण ओढून घेतलं. छबुबाई मग बराच वेळ भिंतीशी बोलल्यासारखं बोलत राहिल्या. आशाताईनं सांगितलं होतं म्हणे, सोनोग्राफी करा म्हणे, पण इथं ऐकतंय कोण. दगडाबाई ऐकत होती, आणि तिच्या पायांना चालायला वॉर्ड पुरेना झाला.

त्या दिवसातलं एक माप तिला खटकत होतं. लघवी कमी उतरत होती. पहिल्यांदा बरी होती, मग तळाच्या रेषेशी येऊन राहिली आणि रंग काढ्यासारखा झाला. सिस्टरनी भांड्याकडं बघून ओठ आवळले आणि म्हणाल्या, पुढच्या तासाला बघू. त्याच वेळी डॉक्टर स्वप्नाली वॉर्डात आल्या. वयानं लहान, कड्याकडच्याच, बोलताना गावाकडचा सूर मधूनच डोकावायचा. त्या सिस्टरशी बोलत होत्या आणि त्यातला एक शब्द दगडाबाईच्या कानात खिळ्यासारखा घुसला. मशीन. संध्याकाळी मशीन आणून बबिताचं पोट बघायचं होतं.

डॉक्टर गेल्यावर दगडाबाईनं सिस्टरला गाठलं. बाळ तर बाहेर आलं, आता पोटात काय बघायचं राहिलंय, असं विचारलं. सिस्टरच्या हातात दुसऱ्या खाटेची सलाईन होती. किडनी बघायचीय, एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग, दगडाबाईचा उतरलेला चेहरा बघून, पुढचं तोंडातून सहज निघून गेलं. "लघवी चांगली उतरली तर कशाला लावतील मशीन? तुम्ही काळजी करू नका."

माणूस धीर द्यायला बोलतो आणि ऐकणारा त्यातून रस्ता काढतो. दगडाबाई बाहेर व्हरांड्यात जाऊन आली. जिना उतरली, चढली. पेटीतली नात पाहिली, ती झोपेत तोंड हलवत होती. सुकन्याच्या मुली आठवल्या, आईविना वाढलेल्या, ज्यांना सासरच्यांनी तिला कधी भेटू दिलं नाही. ही पेटीतली तशीच वाढायची का, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिला. मशीन पोटाला लागलं की बाई घरी येत नाही. लघवी चांगली उतरली की मशीन लागत नाही.

पुढच्या तासाला तिनं पिशवीची चावी सोडली. भांड्याच्या तळाला जेमतेम काळपट लघवी आली. छबुबाई चहाला गेल्या होत्या. बबिता गुंगीत होती. उशाशी पाण्याची बाटली होती. दगडाबाईनं बाटलीचं झाकण काढलं आणि भांड्यात धार सोडली. ज्या हातानं जन्मात दुधाला पाण्याचा थेंब लावला नव्हता, त्याच हातानं. रेषा चढली, रंग फिकट पिवळा झाला, जसा असायला हवा तसा. सांगळे सिस्टरनी बघितलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "बघा, लागली ना नीट व्हायला?" त्यांनी आकडा लिहिला. दगडाबाईनं भांडं ओतून विसळलं. त्यानंतर प्रत्येक वेळी विहिणीकडं पाठ करून तिनं तसंच केलं, आणि प्रत्येक वेळी तिचं फिरणं वाढत गेलं.

उन्हं कलली तशा स्वप्नाली मॅडम मशीन घेऊन आल्याच. चाकांवरचं मशीन होतं, गाड्यासारखं ढकलत आणलेलं. दगडाबाई खाटेच्या आडवी उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. लघवी चांगली झालीय, मग हे कशाला, एवढंच विचारलं. मॅडम म्हणाल्या, अशा बीपीच्या सगळ्याच बायकांची किडनी आम्ही बघतोय, लघवी चांगली असो नसो. दगडाबाई तरी हटेना. छबुबाई म्हणाल्या, सरका ओ बाजूला, डाक्टरणीला तिचं काम करू द्या. तेव्हा दगडाबाईच्या तोंडून सुकन्याचं नाव निघालं. जे बोलली ते थोडकं होतं. लेकीला नेलं, मशीन लावलं, लेक गेली.

छबुबाईंना विहिणीची एक लेक गेल्याचं ठाऊक होतं. कशानं गेली ते नव्हतं.

स्वप्नाली मॅडमनी घाई केली नाही. त्यांनी मशीनचा पडदा दगडाबाईकडं वळवला. "मामी, तुम्ही इथंच उभ्या राहा. मी काय बघते ते तुम्हीबी बघा. बोकड कापल्यावर गुर्दे पाहिलेत ना? तेच बघायचेत. दुसरं काही नाही."

बाळ नाही, मुलगा-मुलगी नाही, गुर्दे. दगडाबाई बाजूला सरकली, पण खाटेचा लोखंडी दांडा तिनं सोडला नाही. मॅडमनी बबिताच्या कुशीला थंड लोणी लावल्यासारखं काही लावलं आणि हातातला ठोकळा हळूहळू फिरवला. पडद्यावर करडं धुकं आलं, धुक्यात खरंच गुर्द्याचा आकार दिसला, आणि त्यात लाल-निळे ठिपके लुकलुकू लागले. मशीनमधून आवाज यायला लागला, रानात झुळूक येऊन थांबावी तसा. मॅडम तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. मग त्यांनी दगडाबाईला समजावलं, बहुधा स्वतःलाही. पाटानं पाणी द्यायचं आणि पुढचं दार अडलं तर पाट मागं तुंबतो. इथं तसंच झालंय. रक्त गुर्द्यात जातंय, पण परत निघणारी शीर एकसारखी वाहायला हवी ती तुटक तुटक वाहतेय. किडनीला इजा होत असली तर ती रक्ताच्या तपासणीत उशिरा कळते. मशीनवर आधी कळते का, हेच तर त्या बघत होत्या.

"लघवी किती आहे हो?" त्यांनी मान न वळवता सिस्टरला विचारलं.

सांगळे सिस्टरनी कागद बघून सांगितलं. मध्ये कमी झाली होती, आता उत्तम आहे. झटक्याच्या इंजेक्शनची वेळ झाली होती, ते त्यांनी भरूनच आणलं होतं.

मॅडम बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही जुळत नाही. पण मशीनचं आपण अजून शिकतोच आहोत. लघवी तर खोटं बोलत नाही. ती कमी असती तर हे इंजेक्शन दिलंच नसतं मी. अंगात साठलं असतं, श्वास थांबला असता." आणि ठोकळा पुसत त्यांनी मान हलवली. "द्या."

सिस्टर पुढं झाल्या. दगडाबाईचा हात दांड्यावरून सुटला. तिनं पळून जावं असं तिच्या पायांना फार वाटलं. दार समोर होतं, दारापलीकडं व्हरांडा, व्हरांड्यापलीकडं रस्ता, आणि आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर तिनं चालणं हाच इलाज केला होता. बोलली तर विहीण, डॉक्टर, परमेश्वर, वस्ती, अंगदची डेअरी, सगळ्यांपुढं तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. सिस्टरनी बबिताच्या हाताची नळी धरली.

"नगा देऊ," दगडाबाई म्हणाली. "त्या मापात पाणी हाय. मी घातलंय."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलली.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"लघवी तळाला लागत हुती. वरचं समदं पाणी."

सिस्टरनी सुई ट्रेमध्ये ठेवली. ठेवताना ट्रेचा आवाज झाला. मॅडमनी छोटी हातोडी घेऊन बबिताच्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय हलला, पण आळसावल्यासारखा; आधीचं औषध अंगात साठायला लागलं होतं. पुन्हा ठोकलं. मग सगळं एकदम भराभर झालं. सलाईन कमी केली, रक्त तपासायला पाठवलं, इंजेक्शनचा उतारा हाताशी काढून ठेवला, तुंबलेलं पाणी अंगाबाहेर काढणारं औषध दिलं. मॅडमनी दगडाबाईला एकच गोष्ट विचारली, कावून केलंत, आणि उत्तर ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सांगळे सिस्टर मात्र बोलल्या. मी तुमच्यावर विसंबून आकडा लिहिला, म्हणाल्या. मी बोलले तेही चुकलंच माझं, असंही म्हणाल्या, पण दुसऱ्याकडं बघून.

भांडं दगडाबाईच्या पायाशी होतं. छबुबाई वाकल्या आणि त्यांनी ते उचललं. दगडाबाईला वाटलं, आता सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं काहीतरी येणार. पण छबुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "दुधात कधी घातलं न्हाई, आन इथं घातलं व्हय?" आणि पुढच्या तासाचं माप त्यांनी स्वतः घेतलं.

दोन्ही गोष्टी आता जुळल्या होत्या, पण वाईट बाजूनं. रक्ताच्या पहिल्या तपासणीत फारसं काही दिसलं नाही, दुसरीत दिसलं. किडनीला इजा झाली होती. मशीननं ते रक्ताच्या आधी सांगितलं होतं. मॅडमनी हे आनंदानं सांगितलं नाही. लघवी वाढली नाही तर रक्त धुवायच्या मशीनवर घ्यावं लागेल, त्यासाठी मोठ्या शहरात हलवावं लागेल, असं त्यांनी परमेश्वरला समजावलं. तो कड्याहून ट्रॅक्टर तसाच सोडून आला होता. आईला वळसा घालून तो बबिताच्या उशाशी जाऊन बसला.

दगडाबाई वॉर्डाच्या दाराबाहेर फिरत राहिली. आत तिला कोणी मनाई केली नव्हती, पण भांडं छबुबाईंच्या हातात होतं. दर तासाला छबुबाई भांडं उजेडाला धरायच्या, तेव्हा दगडाबाई दाराशी थांबून लांबूनच रेषा वाचायचा प्रयत्न करायची. लांबून रेषा दिसत नव्हती. छबुबाईंच्या खांद्यावरून ती ओळखायची. खांदे पडले की कमी. स्वप्नाली मॅडम सकाळ-संध्याकाळ मशीन घेऊन येत, तेव्हा मात्र त्या दगडाबाईला आत बोलवायच्या आणि पडदा तिच्याकडं वळवायच्या. ती बघायची. आवाज अजून थांबत थांबत येत होता. मग एका संध्याकाळी मॅडमनी ठोकळा बराच वेळ एका जागी धरला आणि तिच्याकडं पाहिलं. आवाज सलग येत होता, पाटाचं दार मोकळं झाल्यासारखा. छबुबाईंच्या हातातलं भांडं त्या दिवशी पहिल्यांदा अर्ध्याच्या वर गेलं आणि रंग पाणी न घालता फिकट झाला.

बबिता बरी झाली, पण लगेच नाही. पाय उतरले, बीपीच्या गोळ्या राहिल्या, किडनीची तपासणी काही महिने करायला सांगितली. पेटीतून बाहेर आलेली मुलगी घेऊन ती नेकनूरला माहेरी गेली. जाताना दगडाबाईनं नातीच्या कपाळाला बोट लावून बघितलं. छबुबाई म्हणाल्या, रविवारी या, दूध घेऊन या. आणि वर, "तुमच्या म्हशीचं," असं म्हणाल्या. दगडाबाईनं त्यात टोमणा शोधला. सापडला नाही, आणि न सापडल्यानं तिला जास्तच चैन पडेना.

वस्तीवर परतल्यावर दुसऱ्या पहाटे, रविवारी, नेकनूरसाठीचं दूध घरी राखून ती कॅन घेऊन डेअरीवर गेली. अंगदनं नेहमीप्रमाणं कॅन ओढला आणि सरळ ओतायला उचलला.

"नळी बुडव," दगडाबाई म्हणाली.

"कावून मामी? तुमचं दूध बघायचं काम न्हाई."

"बुडव म्हणते ना."

रांगेतले लोक बघायला लागले. अंगदला वाटलं, कोणीतरी मामीला काही बोललं असणार. त्यानं नळी सोडली. ती दुधात बुडाली, वर आली, डुलत राहिली. एरवी एवढ्या वेळात दगडाबाई अर्धी वाट चालून गेली असती. आज ती नळी स्थिर होईपर्यंत वाकून उभी राहिली, आणि आकडा अंगदच्या आधी तिनंच वाचला. दूध चोख होतं.

"पटलं?" अंगद हसत म्हणाला.

"उद्या बी बुडवायची," ती म्हणाली, रिकामा कॅन उचलला आणि नेकनूरची गाडी निघून जाईल म्हणून झपझप चालायला लागली.